कुणाचा रं तू?

आमच्या साखर कारखान्याचा पत्ता मौनीनगर असा आहे. श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना, बिद्री, मौनीनगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. पाटगावचे मौनी महाराज हे या मुलखाचं दैवत, त्यामुळं त्यांचं नाव इथं जागोजागी भेटतं. मुदाळ तिट्ट्यावरनं पुढं गारगोटीला गेलात तर तिथं मौनी विद्यापीठच आहे. महाराज बोलत नसत. तरीही खुद्द शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला पाटगावला आले होते, असं या भागात सांगतात. तेवढी पुण्याई नसताना मौन पाळायला गेलं की काय होतं, ते आमच्या पोरांच्या मुलाखतीत दिसतं.

एरवी ही पोरं मुकी नाहीत. संध्याकाळी बिद्रीच्या स्टँडवर उभं राहून ऐका. उसाला पहिली उचल किती पाहिजे, धरणातनं पाणी कधी सोडायला पाहिजे होतं, भारताच्या कप्तानानं टॉस जिंकून काय करायला पाहिजे होतं, यावर तास तास व्याख्यानं चालतात आणि दुसऱ्याला मध्ये तोंड घालायला फट मिळत नाही. त्याच पोराला एसी खोलीत तीन माणसांसमोर बसवा, की त्याला स्वतःचं नाव आठवायला दोन घोट पाणी लागतं.

मी शाळामास्तर होतो, आता निवृत्त. "गुरुजी, जरा पोराला इंटरव्ह्यूचं सांगा की," म्हणून आईबाप पोरं माझ्या सोप्यात आणून सोडतात. ज्यानं चौथीत कान पिळले त्यानंच आता नोकरीला लावून द्यावं, अशी त्यांची अपेक्षा असते. हिशेब चुकता करायला आल्यासारखेच येतात. त्यामुळं या मौनाचा अभ्यास करायला मला भरपूर वेळ मिळाला.

मुलाखतीतला पहिला प्रश्न सगळीकडं एकच असतो: टेल मी अबाउट युवरसेल्फ. स्वतःबद्दल सांगा. आमच्या पोराचं घोडं इथंच पेंड खातं. कारण जन्मल्यापासनं त्याला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो: "कुणाचा रं तू?"

पाच वर्षांचं पोर दुकानात चहापावडर आणायला जातं. कट्ट्यावरचा म्हातारा विचारतो, "कुणाचा रं तू?" पोर सांगतं, "खालच्या गल्लीतल्या फिटरचा." झालं. पुढची मुलाखत म्हातारा एकटाच पुरी करतो. "म्हंजे तुझी आई सरवड्याची. तुझा मामा यष्टीत हाय. तुझ्या आज्ज्यानं आमच्या बाला खोंड दिल्तं, ते मारकं निघालं." पोरानं फक्त मान हलवायची. प्रश्न त्यांचे, उत्तरंही त्यांचीच, आणि वर "जा, बाला सांग मी इचारलं म्हणून" असा निरोप. अशी मुलाखत शाळेत होते, लग्नात होते, एसटीत होते, दूध संस्थेच्या रांगेत होते. कधी कुणी नापास होत नाही. बावीस वर्षं अशी गेल्यावर एके दिवशी टाय लावलेला एक गृहस्थ म्हणतो, तुझ्या वडलांचं राहू दे, तुझं काय ते सांग. पोरगा मागं वळून बघतो, हा कुणाशी बोलतोय म्हणून.

मग तो पाठ केलेलं सुरू करतो. "मायसेल्फ अमुक अमुक. माय फादर इज फार्मर. माय मदर इज हाउसवाइफ. आय हॅव टू सिस्टर्स, बोथ आर मॅरीड." यात त्याच्या वाट्याला फक्त नाव आलं. बाकी सगळं उत्तर "कुणाचा रं तू" याचंच, इंग्रजीत. बहिणींची लग्नं झाली हे कंपनीला कशासाठी कळायला हवं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण ते कुणी गाळत नाही. जबाबदारी संपली आहे, आता नोकरीला मोकळा आहे, असं सुचवायचं असावं.

मुलाखतीचा ईमेल आला की तयारी सुरू होते, म्हणजे गल्ली सुरू होते. पोरानं आईला सांगितलं, आईनं जावेला सांगितलं, की अर्ध्या तासात सल्लागार मंडळ जमतं. त्यात मिलिटरीतनं निवृत्त झालेले चुलते हमखास असतात. त्यांचा सल्ला एका वाक्याचा: "छाती पुढं, आवाज वर." या सल्ल्यानं गेलेल्या एका पोरानं "मे आय कम इन सर" इतक्या जोरात विचारलं, की आतल्या साहेबांच्या हातातला चहा बशीत आला. दुसरे सल्लागार कारखान्यात तीस वर्षं कायम असलेले शेजारी. त्यांचं म्हणणं, "आमच्यायेळंला इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यू काय न्हवतं. साहेब म्हणालं, उद्यापास्नं ये. मी म्हटलं, आजच आलो तर?" आणि तिसरे असतात ते स्वतः कधी मुलाखतीला गेलेलेच नसतात. सगळ्यांत सविस्तर मार्गदर्शन त्यांचं असतं.

या सगळ्यांच्या वर एक सल्ला असतो, तो हळू आवाजात दिला जातो. "वळखीचं कोण हाय का आत?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "मग कशाला जातोयस तिकीट खर्च करून?" वशिला हा शब्द कुणी वापरत नाही, 'शब्द टाकणं' म्हणतात. अमक्यानं तमक्याकडं शब्द टाकलाय. बहुतेक वेळा तो शब्द जिथं टाकला तिथंच पडून असतो, पण टाकल्याचं समाधान मोठं. केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2016 पासून क वर्गाच्या आणि ब वर्गातल्या अराजपत्रित जागांच्या मुलाखतीच बंद केल्या. त्याच्या आधीच्या 15 ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरनं या वशिल्यावरच बोलले होते. आमच्या कट्ट्यावर तेव्हा दोन तट पडले. एक म्हणाला, बरं झालं, आता गुणाला किंमत येईल. दुसरा म्हणाला, वाईट झालं, आता शब्द टाकायचा कुठं?

माणूस पारखणं सोपं नाही, हे मात्र कबूल करायला हवं. कौटिल्यानं अर्थशास्त्रात अमात्य निवडायच्या चार गुप्त परीक्षा सांगितल्या आहेत: धर्माची, पैशाची, कामवासनेची आणि भयाची. राजानं पुरोहिताला खोटं खोटं काढून टाकायचं. मग त्या पुरोहिताच्या माणसानं एकेका अमात्याकडं जाऊन म्हणायचं, हा राजा अधर्मी आहे, आपण दुसरा बसवू, बाकी सगळे तयार आहेत, तुमचं काय? पैशाच्या परीक्षेला असाच बडतर्फ सेनापती, आणि तिसऱ्या परीक्षेला एक संन्यासिनी येऊन कानात सांगणार की राणीसाहेबांचं तुमच्यावर मन बसलंय. बिचाऱ्याला ही मुलाखत चालू आहे हेही ठाऊक नाही. पैशाच्या परीक्षेत टिकला त्याला खजिन्यावर नेमायचं, भयाच्या परीक्षेत टिकला त्याला राजाच्या जवळ ठेवायचं, चारही पास झाला तर मंत्री. आणि चारही परीक्षांत नापास झालेला? त्याला खाणी, जंगलं, हत्ती आणि कारखाने यांच्यावर पाठवून द्यावं, असं कौटिल्य सांगतो. हे मी एकदा कारखान्यातल्या मंडळींना वाचून दाखवलं. त्यांच्यात या मुद्द्यावर फारशी चर्चा झाली नाही.

थोरामोठ्यांचंही मुलाखतीत काही खरं नसतं. एडिसननं 1921 साली नोकरीला येणाऱ्या पदवीधरांसाठी शंभरावर प्रश्नांची एक परीक्षा काढली होती. वर्तमानपत्रांनी ती छापली आणि त्यातला एक प्रश्न त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला विचारला: आवाजाचा वेग किती? त्याला आकडा सांगता आला नाही. असली माहिती पुस्तकात सापडते, ती डोक्यात कशाला ठेवू, असं तो म्हणाला. हे मी पोरांना धीर यावा म्हणून सांगतो. एकानं ते प्रत्यक्ष मुलाखतीत वापरलं. ओहमचा नियम विचारल्यावर म्हणाला, "सर, ते पुस्तकात आहे." साहेब म्हणाले, "मग पुस्तकालाच घेऊ आम्ही."

आता पोशाख. शर्ट नवा असतो, पॅंट लग्नातली असते, आणि बूट चुलतभावाचे. चुलतभाऊ पोलिसात असतो, त्याचा पाय नऊ नंबरचा, याचा आठ. पुढं कागदाचा बोळा घालून ते बसवले जातात. घरात कोल्हापुरी चप्पल असते, पायाला बसलेली, आपल्याच जिल्ह्यातली. पण ती घालून ऑफिसात जायचं म्हणजे अपराध. 2025च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला पोरांच्या पायात घालून चालवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! म्हणजे ती चप्पल इटलीत चालते, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चालत नाही.

निघायच्या दिवशी आजी दही-साखर हातावर ठेवते. दह्याचा एक थेंब शर्टावर पडतो, हे ठरलेलं. आई आदमापूरच्या बाळूमामांचा भंडारा कपाळाला लावते, आणि ती हात आखडता घेत नाही. त्यावर हंगामाचे दिवस असले की रस्त्यात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असतो, टेपवर गाणं लावलेलं, त्याच्या मागं एसटी, एसटीच्या खिडकीत घामानं भिजलेलं हे पोर. कोल्हापुरात उतरेपर्यंत भंडारा कपाळावरनं भुवयांत आणि भुवयांवरनं कॉलरीत आलेला असतो. "तब्येत बरी आहे ना?" असं एकाला साहेबांनीच विचारलं. कावीळ वाटली त्यांना.

फाइलचं तर विचारू नका. प्लॅस्टिकच्या फाइलीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल, आधार, पॅन, रेशनकार्ड, एमएससीआयटी, रक्तदान केल्याचं प्रशस्तिपत्र, आणि तालुका पातळीवर कबड्डीत दुसरा नंबर. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. त्यात वडील ऐन वेळेला सातबारा घालतात. "असूं दे. इचारलं तर दाखवायचा. आपलं काय भीक मागायला चाललोय असं वाटायला नको." यातनं एक खराच प्रसंग घडला. एका साखर कारखान्यात लॅबमधल्या जागेसाठी मुलाखत होती. साहेबांनी विचारलं, "उतारा किती तुमच्याकडं?" पोरानं फाइल उघडली आणि सातबारा काढून समोर ठेवला. साहेब साखरेच्या उताऱ्याबद्दल विचारत होते. उसातनं किती टक्के साखर पडते त्याबद्दल. आपल्या भागाचा उतारा 12 टक्क्यांच्या आसपास असतो म्हणून राज्यात आपली कॉलर ताठ असते. पोराला गूगलच्या मुख्य अधिकाऱ्याचं नाव, जी-20 देशांची यादी आणि सध्याचे सरन्यायाधीश पाठ होते. ज्या धुराड्याखाली वाढला त्याच्यातनं किती साखर पडते ते माहीत नव्हतं. यूपीएससीच्या व्यक्तिमत्त्व चाचणीला 275 गुण असतात आणि तिथंही उमेदवाराच्या अर्जातलं गाव बघून गावाचंच विचारतात. तरी आमची पोरं जगाच्या भूगोलापासनं सुरुवात करतात आणि करवीर तालुक्यापर्यंत यायच्या आत परीक्षा येते.

मी सोप्यात लुटुपुटीची मुलाखत घेतो. खुर्ची एक, समोर स्टूल. परवा घेत होतो तर पोराचे आबाही येऊन बसले. म्हणाले, "तिघं असत्यात न्हवं? मी धरा एक." मी विचारलं, "तुमच्यातला एक दोष सांगा." हा प्रश्न सगळीकडं असतो आणि सगळ्यांनी त्याचं उत्तर यूट्यूबवरनं एकच उचललेलं असतं. पोरगा म्हणाला, "सर, मी परफेक्शनिस्ट आहे. काम पूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही."

आबा उठले. "परवा पाटाचं पाणी सोडून कुठं गेल्तास?"

"आबा, हे इंटरव्ह्यूचं चाललंय."

"मीबी इंटरव्ह्यूचंच इचारतोय. सऱ्या फुटून पाणी शेजारच्याच्या शेतात. कुठं गेल्तास?"

"मॅच होती."

"मग तुझा दोष ह्यो हाय. ते काय म्हणालास ते न्हवं."

यापेक्षा चांगलं पॅनेल मला अजून बघायला मिळालेलं नाही.

दुसरा हमखास प्रश्न: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? हा प्रश्न उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला विचारणं म्हणजे अन्याय आहे. आमची सगळ्यात लांबची नजर म्हणजे आडसाली लागण. जुलै-ऑगस्टात लावली की सोळा-अठरा महिन्यांनी तोड. त्याच्या पुढं खोडवा. त्याच्या पुढचं कुणी बघत नाही. पाच वर्षांनी म्हटलं की इथं कुणालाही एकच आठवतं, कारखान्याची निवडणूक. एकानं तसंच सांगितलं. "पाच वर्षांनी कुठं?" म्हटल्यावर म्हणाला, "सर, तेव्हा इलेक्शन आसंल, मी गावातच आसंन."

निवडणुकीवरनं आठवलं. मुलाखतीची तयारी कशी करावी हे शिकायला पुण्याला क्लास लावायची गरज नाही. कारखान्याच्या निवडणुकीत उभा राहिलेला उमेदवार बघा. कागल, राधानगरी, भुदरगड, करवीर अशा चार तालुक्यांत सभासद पसरलेले. ही एकच मुलाखत अशी, की जिथं घेणारा खाटेवर बसलेला असतो आणि देणारा अंगणात हात जोडून उभा. पण त्याची तयारी बघा! कुणाच्या दारात चाललोय, त्याचा ऊस कुठल्या गटात, गेल्या हंगामात त्याची तोड उशिरा आली होती का, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयशी भांडण कुणाचं झालं होतं, थोरल्या पोरीचं लग्न कुठं जमलं, म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का राहिलं, हे सगळं दारात पाऊल टाकायच्या आधी त्याला माहीत असतं. बोलताना तो आधी म्हातारीच्या डोळ्याचं विचारतो, मत शेवटी मागतो. "मी परफेक्शनिस्ट आहे" असं एकही उमेदवार म्हणत नाही. आमच्या पोराला विचारलं, ज्या कंपनीत चाललायस ती काय बनवते रे? तो म्हणतो, "पार्ट." कसले पार्ट? "मशिनचे." त्याच कंपनीच्या गेटावरनं तो दोन वर्षं आयटीआयला जात-येत असतो.

आणखी एक गोष्ट मला उलगडत नाही, ती पगाराची. हा जिल्हा दरासाठी रस्त्यावर उतरणारा. जयसिंगपूरला दर वर्षी ऊस परिषद भरते, दर ठरल्याशिवाय कोयता लावू देत नाहीत. 2023च्या नोव्हेंबरात मागल्या हंगामातल्या उसाचे टनामागं जादा पैसे मिळावेत म्हणून शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला होता. त्या गर्दीत आमच्या गल्लीतली पोरंही होती. शंभर रुपयांसाठी राष्ट्रीय महामार्ग बंद करणारं पोरगं स्वतःच्या महिन्याच्या पगाराचा आकडा विचारताना मात्र टेबलाखाली बघतं. साहेब विचारतात, "अपेक्षा काय तुमची?" हा म्हणतो, "ॲज पर कंपनी नॉर्म्स." उसाला असं कुणी म्हणालं असतं, की कारखाना देईल तो दर, तर त्याला गावात पाणी कुणी दिलं नसतं. घरी आल्यावर मात्र पहिला प्रश्न गल्लीचा तोच: "किती देणार?" सीटीसी सांगितला तर लोक वर बघतात, पीएफ कापून हातात येणारा आकडा सांगितला तर खाली बघतात.

आता त्या फिटरच्या पोराचं सांगतो. पार खालच्या गल्लीतला, आयटीआय झालेला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागाची जागा होती. अर्ज मला दाखवायला आणला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं 'निरंक'. छंदात 'वाचन'. मी म्हटलं, शेवटचं काय वाचलंस? म्हणाला, "हाच अर्ज."

या पोराला मी पंधराव्या वर्षापासनं रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन नदीकडं जाताना बघितलंय. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. नदीवरची मोटर पाणी ओढेना झाली की गल्लीतले चार-पाच जण त्यालाच उठवतात. मोटर फिरते पण पाणी येत नाही, म्हणजे हवा धरलीय. मग फुटव्हॉल्व्ह बघायचा. आमच्याकडं त्याला सरळ 'फुटबॉल' म्हणतात. त्यात काडी-कचरा अडकला की झडप पुरती बसत नाही आणि पाइपातलं पाणी परत नदीत जातं. तो पाण्यात उतरून हातानं चाचपतो, झडपेचं चामडं कुजलं असेल तर सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा कापून बसवतो, पाइप पाण्यानं भरून घेतो, मग स्टार्टरला हात लावायच्या आधी तिन्ही फेज आहेत का ते बघतो. दोन फेजवर मोटर लावली की जळते, हे त्याला एका जळलेल्या मोटरीनं शिकवलं. हे सगळं येणारा पोरगा अनुभवाच्या रकान्यात लिहितो, निरंक. कारण या कामाचा पगार मिळालेला नाही. चहा मिळाला होता.

मी म्हटलं, हे लिही. तो म्हणाला, "गुरुजी, हे काय इंटरव्ह्यूत सांगायचं आस्तंय व्हय?" लिहिलं नाहीच.

मुलाखतीत काय झालं ते त्यानंच येऊन सांगितलं. समोर दोघं. मुख्य साहेब मिरजेकडचे. साहेब इंग्रजीत विचारतात, हा इंग्रजीत उत्तर देतो, दोघांनाही घाम. साहेबांना 'कपलिंग अलाइनमेंट'च्या पुढचं वाक्य जुळेना, याला त्यांचं वाक्य संपल्याचं कळेना. असं पाच-सात मिनिटं चाललं. टेल मी अबाउट युवरसेल्फ झालं, फादर फार्मर-कम-फिटर झालं, सिस्टर्स मॅरीड झालं. साहेबांनी अर्ज बंद केला आणि निरोपाचं म्हणून विचारलं, "बिद्री? म्हणजे गारगोटी रोडला?"

"हो सर."

"आमची सासुरवाडी सोळांकूर. बिद्रीत कुणाचा रे तू?"

पोराच्या अंगात एकदम जीव आला. खालच्या गल्लीतल्या फिटरचा, म्हणाला. साहेबांना फिटर ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण सासरच्या नदीवरची मोटर ठाऊक होती. सासरे जावयाला इंजिनिअर समजून दर दिवाळीला ती मोटर दाखवायला नेत. साहेब म्हणाले, "ती मोटर सारखी पाणी सोडते बघ. तीन वेळा मेकॅनिक आणला." पोरानं विचारलं, "साहेब, सक्शनचा पाइप किती लांब हाय? फुटबॉल कधी बदललाय?" साहेब पुढं सरकले. दुसऱ्या साहेबांनी पेन ठेवलं. पुढची वीस मिनिटं मराठीत पंप या विषयावर चर्चा झाली. त्यात हवा कुठनं शिरते, ग्लँडची दोरी किती आवळायची, जास्त आवळली तर शाफ्ट कसा खातो, हे त्यानं टेबलावर पाण्याची बाटली आडवी ठेवून दाखवलं. शेवटी साहेबांनी विचारलं, "हे अर्जात का लिहिलं नाहीस?" हा म्हणाला, "सर, ते घरचं काम हाय."

त्याला घेतलं. देखभाल विभागात, सहा महिने प्रशिक्षणार्थी म्हणून. गल्लीनं बातमी ऐकून पहिला प्रश्न विचारला, "कायम का हंगामी?" दुसरा विचारला, "साहेब तुमच्या वळखीचं निघालं म्हणं?" सोळांकूरच्या सासुरवाडीची हकीकत एव्हाना सगळ्यांना कळली होती आणि ती ऐकून प्रत्येकाची खात्री पटली होती, की वशिल्याशिवाय काही होत नाही. पंपाचं कुणी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या एका मुलीची मुलाखत आहे, कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत. बचत गटाच्या बावीस बायकांचा हिशेब ती चार वर्षं एकटी लिहिते आणि अनुभवाच्या रकान्यात तिनंही 'निरंक' लिहिलं होतं. तो कागद मी ठेवून घेतलाय आणि तिच्याकडनं नवा लिहून घेतलाय. ज्यांना तिला सल्ला द्यायचा असेल त्या सगळ्यांना हात जोडून विनंती, की त्यांनी मंगळवारी यावं.